पेंढा भरलेल्या घुबडाखाली पडणारी केसाळ टरफलं

तुम्ही म्हणताय, शाळेच्या संग्रहालयात घुबडाखाली बारीक केसाळ टरफलं आणि भुसा पडतो, पण किडा एकही दिसत नाही. कोणता किडा, आणि फवारणी करावी का?

बहुधा कार्पेट बीटल नावाचा भुंगेरा. टरफलं म्हणजे त्याच्या अळीने टाकलेली कात. अळी चार-पाच मिलिमीटरची, तपकिरी पट्ट्यांची, अंगभर केस. पिसं, लोकर, कातडं हेच तिचं खाणं. पूर्ण वाढलेला भुंगेरा मात्र उजेडाकडे धावतो आणि पराग खातो, म्हणून तो घुबडावर शोधू नका, खिडकीच्या चौकटीत शोधा. तांदळाच्या दाण्याहून लहान, गोलसर, पाठीवर पांढरे-पिवळे ठिपके असलेले मेलेले भुंगेरे तिथे सापडतील. छपराखाली कबुतराची जुनी घरटी असतील तर तीही बघा, हा पाहुणा पुष्कळदा तिथूनच येतो.

किड्यापेक्षा त्याने खाली काय टाकलंय ते बघायची सवय मला एका फजितीने लागली. एका लाकडी मूर्तीखाली रोज खसखशीसारखे दाणे पडायचे. मी दोन महिने ते निमूटपणे झाडत होतो! शेवटी भिंग लावलं, तर प्रत्येक दाण्याला सहा बाजू. ती कोरड्या लाकडातल्या वाळवीची विष्ठा. तोवर मूर्ती टिचकी मारली की पोकळ वाजत होती. लाकडाला भुंगा लागला असता तर दाणे नव्हे, मैद्यासारखं पीठ पडलं असतं.

फवारणी नको. पिसांवर डाग पडतात आणि आतली अळी तशीच राहते. शिवाय जुन्या पेंढा भरलेल्या प्राण्यांना आर्सेनिक हे विष लावलेलं असायचं, त्यामुळे हातमोजे आणि मास्क घातल्याशिवाय घुबडाला हात लावू नका, मुलांना तर अजिबात लावू देऊ नका. घुबड पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा (तो फ्रीझर खाण्याच्या वस्तूंचा नसावा). बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडू नका, नाहीतर पिसांवर पाणी सुटेल. एक दिवस तशीच राहू द्या.

तोपर्यंत कपाट कानाकोपऱ्यासकट व्हॅक्यूम करून घ्या. घुबड परत ठेवताना खाली कोरा पांढरा कागद अंथरून त्यावर तारीख लिहा. जुनी कात वर्षानुवर्षं टिकते, त्यामुळे नुसती टरफलं दिसली म्हणून कीड जिवंत आहे असं नाही. कागदावर नवं काही पडलं, तरच फ्रीझरची दुसरी फेरी.