एसवायनंतर गॅप, आणि इन्स्टावरचे ते टोपीवाले फोटो

तुझं पत्र दोनदा वाचलं. कोपरखैरणे, वय २२, बीकॉम एसवाय म्हणजे दुसऱ्या वर्षापर्यंत रेग्युलर, मग बाबांची बायपास झाली आणि घर चालवायला तू ऐरोलीत कॉल सेंटरला लागलीस, २०२३ पासून तेच चालूय. आता बाबा बरे आहेत, टीवाय म्हणजे तिसरं वर्ष करायचंय, पण वर्गातल्या सगळ्यांचे गाऊन-टोपीतले फोटो बघून रडू येतं, आणि दुसरीकडे रील्सवाले सांगतात डिग्री म्हणजे नुसता कागद. या दोघांच्या मधे अडकून आठ महिने कॉलेजला साधा फोन केला नाहीस.

आधी त्या रीलचं. तू लिंक दिलीस म्हणून बघितली, शेवटपर्यंत बघितली. डिग्रीला शिव्या घालून झाल्यावर शेवटी ट्रेडिंगचा कोर्स विकायला काढलाय त्याने, आणि स्वतःच्या बायोमधे एमबीए लिहिलंय! आता यावर मी अजून काय बोलू.

फोटोंचं जरा वेगळं आहे, ते खोटे नसतात, पण अर्धे असतात. माझ्याकडे नौपाड्यात एक मुलगा यायचा, गाऊन भाड्याने आणून फोटो टाकलेला, तीनशे लाइक्स, आणि पाचव्या सेमची केटी, म्हणजे नापास झालेला विषय, अजून लटकलेली, घरी आईलाही माहीत नाही. तू त्याचा फोटो बघितला असतास तर त्या रात्रीही रडली असतीस ना? अकाउंट डिलीट वगैरे नको करू, चार दिवसांत परत येशील. ज्या पाच-सहा जणांचं बघून त्रास होतो त्यांना म्यूट कर, त्यांना कळतही नाही.

आता खरं काम. मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांत २०२४-२५ पासून एफवायला एनईपी, म्हणजे नवीन शिक्षण धोरण, आलं आणि ते दरवर्षी एक वर्ग वर सरकतंय, तू मात्र जुन्या पॅटर्नची. त्यामुळे ऑफिसच्या खिडकीवर 'अ‍ॅडमिशन मिळेल का' एवढंच विचारून परत येऊ नको, 'मला कुठल्या पॅटर्नला बसवणार आणि जादा विषय कुठले द्यावे लागतील' हे विचार, आणि उत्तर शक्यतो लेखी घे. सेम १ ते ४ मधे एखादी केटी राहिलीय का तेही तिथेच बघून घे, तू पत्रात त्याबद्दल गप्प आहेस म्हणून मला जरा शंका आली. डिजिलॉकरमधे क्रेडिट बँक (पास केलेल्या विषयांचे क्रेडिट्स जमा होतात ते ऑनलाइन खातं) उघडून तुझे क्रेडिट्स चढलेत का तेही बघ, त्यांची मुदत जास्तीत जास्त सात वर्षं असते. गॅपचं अ‍ॅफिडेव्हिट मागतील, त्यात 'वडिलांचं आजारपण' एवढं पुरे, हॉस्पिटलची फाइल सोबत ठेव. खिडकीवरच्या मॅडमना तुझ्या गॅपमधे काही इंटरेस्ट नसतो गं, त्यांना कागद पूर्ण हवेत.

रेग्युलर की डिस्टन्स? नाइट शिफ्ट करून पहाटे घरी येऊन परत साडेसातच्या लेक्चरला पळायचं आणि वर ७५ टक्के हजेरी, हे जमेल असं मला वाटत नाही, आणि पगार सोडणं घरी परवडणार नाही हे तूच लिहिलंयस. मी तुला डिस्टन्सच सांगेन. मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण केंद्र आयडॉल आहे, आता नाव सीडीओई झालंय, नाहीतर नाशिकचं मुक्त विद्यापीठ. यूजीसीच्या नियमाप्रमाणे मान्यता असलेल्या डिस्टन्सची डिग्री रेग्युलरच्या बरोबरीची धरतात, म्हणून 'लोक काय म्हणतील' हा मुद्दा सोड. फक्त थेट टीवायला घेतात की एसवायचं काही परत करायला लावतात, हे फी भरायच्या आधी विचार, नंतर नाही.

बाबांना अपराधी वाटतं म्हणालीस ना, मग कॉलेजला जाताना त्यांनाच सोबत घेऊन जा. आणि सेम ४ ची मार्कशीट सापडत नाही म्हणून डुप्लिकेटच्या मागे लागायच्या आधी आईच्या कपाटातली ती पासबुकांची प्लास्टिकची पिशवी एकदा उलटी करून बघ.