काठमांडू खोऱ्याच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्यापूर्वी

अनेक उत्तम आशीर्वाद.

काठमांडू खोऱ्याच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याचे काम तुझ्याकडे आले, हे वाचून मला फार आनंद झाला. चारही बाजूंना डोंगर आणि बागमती नदीला बाहेर पडायला चोभारची एकच घळ असल्यामुळे हे खोरे हिशेबाला सोपे आहे, असे तू लिहिले आहेस. पडलेल्या पावसातून घळीतून गेलेले पाणी वजा करायचे, आणि उरेल ते बाष्पीभवनात व भूजलात गेले असे मानायचे, ही तुझी मांडणी. याच मांडणीसाठी मी सविस्तर लिहीत आहे, कारण उमेदीच्या काळात मीही एका खोऱ्याचा हिशेब असाच मांडला होता आणि माझ्या मोजमापांतल्या सगळ्या चुका त्या ‘उरेल ते’ या एका खात्यात जाऊन बसल्या होत्या.

पहिल्यांदा हद्द निश्चित कर. शहरातून दिसणारी डोंगरांची रांग आणि पाणलोटाची सीमा सगळीकडे एकच नाही. दक्षिणेला लेलेचे खोरे त्या दिसणाऱ्या रांगेच्या पलीकडे आहे, तरी तिथले पाणी नख्खू खोला या छोट्या नदीतून उत्तरेकडे येते आणि चोभारच्या अलीकडे बागमतीला मिळते. घळीच्या खाली खोकना येथे बागमतीचा प्रवाह मोजणारे केंद्र आहे; त्याला पाणी देणारे सर्व क्षेत्र नकाशावरच्या समोच्चरेषांवरून, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांवरून, स्वतः आखून काढ आणि शंकेच्या जागी पायी जाऊन ओढ्यांची दिशा पाहा.

पावसाच्या बाबतीत तुला सर्वात जास्त वेळ द्यावा लागेल. खोऱ्याचा तळ सुमारे 1,300 मीटर उंचीवर आहे, तर काठावरच्या शिवपुरी डोंगराचा माथा 2,732 मीटरवर. वस्ती तळाला असल्यामुळे पर्जन्यमापकही तिथेच अधिक, आणि पाऊस मात्र काठाच्या उतारांवर जास्त. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळणारा पाऊस वाईला हजाराच्याही आत येतो, हे आपल्याकडे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. काठमांडूतला फरक इतका तीव्र नाही, पण विमानतळावरचा आकडा साऱ्या खोऱ्याला लावण्याइतका क्षुल्लकही नाही. म्हणून केंद्रांची सरळ सरासरी घेऊ नकोस. उंचीचे पट्टे पाड, प्रत्येक पट्ट्याचे क्षेत्र मोज, आणि ज्या पट्ट्यात एकही मापक नाही तिथे अंदाज कशावरून धरला ते तक्त्यातच लिही.

हा आग्रह कशासाठी, ते आकड्यांत सांगतो. क्षेत्र 620 चौरस किलोमीटर धरले, तर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 62 कोटी लिटर पाणी. खोऱ्याचा वार्षिक पाऊस 1,600 मिलिमीटर मानला आणि त्यात दहा टक्क्यांची चूक झाली, तर ती 160 मिलिमीटरची झाली. आता शहराला पाणी पुरवणाऱ्या मेलम्ची योजनेचे पाणी पाहा. सुमारे 27 किलोमीटरच्या बोगद्यातून डोंगरापलीकडून येणारी ही योजना दिवसाला 17 कोटी लिटरची आहे. ती वर्षभर पूर्ण क्षमतेने चालली, तरी तिचे पाणी साऱ्या खोऱ्यावर पसरल्यास 100 मिलिमीटरच भरेल. म्हणजे एवढी मोठी योजना तुझ्या पावसाच्या चुकीत अख्खी बुडून जाऊ शकते. भूजलाचे पुनर्भरण तू वजाबाकीने काढलेस, तर त्या आकड्यावर कोणीही विसंबू नये, असे मला स्पष्टपणे वाटते.

मेलम्चीसाठी क्षमतेचा आकडा वापरू नकोस. ते पाणी 2021 च्या मार्चमध्ये शहरात पोहोचले आणि त्याच जूनमधल्या पुराने योजनेचे उगमाकडचे बांधकाम गाळात गाडले. पुढेही पावसाळ्यात पुरवठा थांबवावा लागत आला आहे. बोगदा जिथे खोऱ्यात उघडतो त्या सुंदरीजलला प्रत्यक्ष आलेल्या पाण्याची रोजची नोंद मिळव. हे पाणी, तसेच बोअरवेलमधून उपसलेले पाणी, वापरानंतर गटारांतून बागमतीतच येते. कोरड्या महिन्यांत चोभारला दिसणाऱ्या प्रवाहात त्याचा वाटा मोठा असतो. म्हणून उपसा एकदा ‘बाहेर गेलेले पाणी’ म्हणून आणि पुन्हा नदीच्या प्रवाहात, असा दोनदा मोजला जाणार नाही याची काळजी घे. गळक्या नळांतून मुरणारे पाणीही भूजलाच्या वरच्या थरात परत जाते.

नदीच्या मापनाबद्दल एकच सांगतो. 28 सप्टेंबर 2024 च्या पुरासारख्या प्रसंगी पातळीवरून विसर्ग काढण्याचे कोष्टक त्याच्या मोजलेल्या टोकापलीकडे ताणले जाते, आणि तिथली चूक संपूर्ण उन्हाळ्याच्या प्रवाहापेक्षा मोठी असू शकते.

बाष्पीभवनाचा हिशेब स्वतंत्रपणे कर: उतारांवरचे जंगल, भाताची खाचरे आणि काँक्रीटने झाकलेली जमीन यांची क्षेत्रे उपग्रहचित्रांवरून वेगळी काढून.

भूजलाकडे मात्र धीराने पाहा. हे खोरे कधीकाळी सरोवर होते. मध्यभागी गाळाची जाडी अर्ध्या किलोमीटरहून अधिक आहे. त्यात चिकणमातीचा जो जाड थर आहे त्याला तिथे कालीमाटी म्हणतात. आपल्या बेसाल्टवरच्या काळ्या मातीशी नावापलीकडे तिचे नाते नाही. ती सरोवराच्या तळाची, पाणी जवळजवळ न सोडणारी माती आहे. उत्तरेकडे, गोकर्णच्या बाजूला, वाळूचे थर उघडे आहेत आणि पाऊस मुख्यतः तिथे मुरतो. उघड्या वाळूत पातळी एक मीटर उतरली आणि ती वाळू आकारमानाच्या दहा टक्के पाणी सोडत असेल, तर 100 मिलिमीटर पाणी गेले. कालीमाटीखालच्या दाबाच्या जलधरात, म्हणजे दाबाखाली पाणी धरून ठेवणाऱ्या थरात, तोच एक मीटर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असू शकतो. विहिरींच्या घसरणीची एकच सरासरी काढून तिला साऱ्या क्षेत्राने गुणणे म्हणूनच चूक आहे. शिवाय खोल उपशामुळे चिकणमाती दबते आणि जमीन खचते. त्या दबण्यातून पिळून निघालेले पाणी पुढच्या पावसाळ्यात परत येत नाही. ते ताळेबंदात वेगळ्या ओळीत दाखव.

ढुंगे धारांनाही तुझ्या नोंदवहीत जागा दे. वरच्या थरावर चालणारे हे दगडी नळ कोणत्या महिन्यात आटतात, ते शेजारच्या वृद्धांना विचार. तिथे निरीक्षण विहीर नसेल, तर तीच तुझी जुनी नोंद.

आलेख पाठवण्याची घाई करू नकोस. आधी तक्ता पाठव, आणि त्यात प्रत्येक बाबीपुढे आकड्याबरोबर त्याची खालची व वरची मर्यादा असू दे. हिशेबाचे वर्ष जानेवारीत सुरू करण्याऐवजी मेच्या अखेरीस, साठा सर्वात कमी असताना सुरू कर. त्यासाठी विहिरींची पहिली फेरी वळवाचे मोठे पाऊस पडण्याआधी व्हायला हवी, म्हणजे तुझ्या हातात फार तर सहा आठवडे आहेत. उत्तरेकडच्या वाळूतल्या विहिरींपासून सुरुवात कर.

कळावे.