पत्र्यावरचे आकडे

प्रश्न : भाचा अरुणाचलात ट्रेकला गेला होता. तिथल्या एका शिकाऱ्यानं त्याला जुन्या विमानाचा हातभर पत्रा दिला. त्यावर आकड्यांचा शिक्का आहे. विमान दुसऱ्या महायुद्धातलं असेल का? पत्रा घासून-पुसून दिवाणखान्यात लावावा म्हणतो.
– एक वाचक, सातारा

उत्तर : कृपा करून घासू नका. आकडे बुजले तर सगळंच गेलं.

मी वायुदलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची दुरुस्ती करणारा होतो. नोकरीतली तीन वर्षं आसामात, चबुआला काढली. एकदा सुट्टीत अरुणाचलातल्या पासीघाटच्या वरच्या अंगाला एका घरी जेवायला बसलो होतो. भात वाढायचा डाव धुरानं काळा पडलेला, पण दांड्यावर सारख्या अंतरानं बारीक भोकं. रिवेटची, म्हणजे विमानाचे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांची ओळ आम्हा लोकांना अंधारातही बोटांनी कळते. आजीबाई म्हणाल्या, सासऱ्यांनी डोंगरात पडलेल्या विमानाचा पत्रा आणला होता.

१९४२ ते १९४५ या काळात अमेरिकन विमानं आसामातून हिमालय ओलांडून चीनमध्ये कुनमिंगला पेट्रोल, दारूगोळा पोचवत. या वाटेला वैमानिक 'हम्प' (कुबड) म्हणत. पंखांवर साचणारं बर्फ, सोसाट्याचा वारा, अपुरे नकाशे, यांत जवळपास ६०० विमानं गेली. तिथलं जंगल कसं आहे? ३ जून २०१९ला आपल्या वायुदलाचं एएन-३२ हे वाहतूक विमान आसामातल्या जोरहाटहून अरुणाचलातल्या मेचुकाला निघालं आणि गायब झालं. उपग्रह, हेलिकॉप्टर सगळं कामाला लावूनही अवशेष दिसायला आठ दिवस लागले.

म्हणून महायुद्धातली विमानं बहुधा शिकाऱ्यांनाच ठाऊक असतात. क्लेटन कूल्स हे अमेरिकन गृहस्थ गावोगाव हिंडून त्यांनाच विचारतात. २००६मध्ये अरुणाचलातल्या दामरोजवळ त्यांना 'हॉट ॲज हेल' नावाचं बी-२४ जातीचं बॉम्बफेकी विमान सापडलं. २५ जानेवारी १९४४ला कुनमिंगहून चबुआला येताना ते आठ जणांसह बेपत्ता झालं होतं. चबुआला! ज्या तळावर मी रोज विमानं उतरताना बघायचो, तिथंच त्या दिवशी कुणीतरी त्यांची वाट बघत थांबलं असेल. हे वाचलं तेव्हा मला रात्रभर झोप लागली नाही.

आता तुमचे आकडे. क्रमांक ३२नं सुरू होत असेल तर भाग बहुधा बी-२४चा, २०नं असेल तर सी-४६ या मालवाहू विमानाचा. पण यावरून फक्त विमानाची जात कळते. नेमकं कोणतं विमान, हे शेपटीवरच्या क्रमांकावरून किंवा इंजिनावरच्या पट्टीवरून ठरतं. बेपत्ता विमानांच्या अहवालात अमेरिकन लोक इंजिनांचे, अगदी मशीनगनचेही क्रमांक लिहून ठेवत. तशी पट्टी कुणी हौसेनं खिशात घातली, तर आठ-दहा घरांना आपल्या माणसाचा ठावठिकाणा कधीच लागणार नाही. शिवाय तिथं मातीत अजून माणसांच्या अस्थी असू शकतात. भाच्याला बजावा, पुन्हा गेला तर तिथं काही उकरायचं नाही.

पासीघाटला २०२३मध्ये हम्पचं संग्रहालय सुरू झालंय. पत्रा त्यांच्याकडे द्यावा असं मला मनापासून वाटतं. त्याआधी, पत्रा कोणत्या गावात मिळाला आणि शिकाऱ्यानं कोणता ओढा, कोणती डोंगरधार सांगितली, हे भाच्याकडून आजच लिहून घ्या. आकड्यांचा फोटो तिरप्या उजेडात काढून मलाही पाठवा.