रेशीमकिड्यापासून रेशीम कसं तयार होतं? अळी न मारता धागा मिळतच नाही का?

कोष गरम पाण्यात टाकायचा, धाग्याचं टोक धरायचं आणि ओढायचं, एवढंच सगळीकडे सांगतात. माल बिघडतो तो त्याच्या कितीतरी आधी, अळी पिकते त्या दिवशी. यावरून आमच्या घरात अजून वाद आहे, म्हणून लिहितोय.

चार वेळा कात टाकून अळी पाचव्या अवस्थेत येते. जन्मभराच्या खाण्यातला ८० टक्क्यांहून जास्त पाला ती याच अवस्थेत फस्त करते. मग खाणं सोडते, अंग आखडतं, पिवळसर पारदर्शक दिसतं, मान वर करून जागा शोधत हिंडते. ही पिकलेली अळी. हिलाच वेचून चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणायला दिलेल्या जाळीवर, सोडायची.

आमच्या दादाला हे वेचणं म्हणजे वेळकाढूपणा. एका बॅचला निम्म्याच अळ्या पिकल्या होत्या, पण दुसऱ्या दिवशी मजूर नव्हते. त्याने सगळ्या अळ्या सरसकट चंद्रिकांवर चढवल्या. म्हणे, आज ना उद्या पिकणारच आहेत! कच्च्या अळ्या उपाशी लोंबकळत राहिल्या. धागा काढण्याआधी अळी मूत्र टाकते. त्या दाटीत ते शेजारच्या कोषांवर पडून डाग पडले. कुठे दोघींनी मिळून एकच कोष विणला. अशा जोडकोषाचे धागे एकमेकांत गुंततात, त्यातून डुपियन नावाचं जाडंभरडं रेशीमच निघतं. वर घाईने कोष काढले, आतल्या कोवळ्या प्यूपा (अळीचं पतंग होण्याआधीचं रूप) फुटल्या, म्हणजे आतूनही डाग. व्यापाऱ्याने बराच माल बाजूला काढला तेव्हा दादा म्हणाला, अंडीपुंजच (पतंगाने घातलेल्या अंड्यांचे समूह) खराब होते. त्याच पुंजांच्या अळ्या मी वेचून चढवल्या होत्या, त्यांचे कोष कडक आणि पांढरेशुभ्र निघाले. ते मात्र त्याला आठवत नाही.

असो. अळी मान आठच्या आकड्यासारखी फिरवत दोन-तीन दिवसांत कोष विणते. धागा सलग, साधारण ९०० ते १५०० मीटर. आत फायब्रॉइन, वरून सेरिसिन नावाचा डिंक. गरम पाण्यात तो मऊ होतो, मग अनेक कोषांचे धागे एकत्र गुंडाळतात. पतंग बाहेर पडला तर कोषाला भोक पडून धागा तुटतो, म्हणून त्याआधीच वाफ किंवा गरम हवा देऊन प्यूपा मारतात. भोक पडलेल्या कोषांपासून कापसासारखं सूत कातता येतं, त्यालाच अहिंसा सिल्क म्हणतात. मला त्यात पुण्यापेक्षा जाहिरात जास्त दिसते. या पतंगाला ना खाता येतं ना धड उडता, थोड्याच दिवसांत तो मरतो.

हे सगळं तुतीच्या रेशमाचं. एरी या दुसऱ्या जातीच्या रेशीमकिड्याचा कोष एका टोकाला उघडाच असतो आणि त्याचं सूत कातावंच लागतं, त्यामुळे तिथे प्यूपा मारायची गरज नसते.

स्वतः पाळणार असाल तर अळ्या पिकायच्या वेळची माणसं आधीच ठरवून ठेवा. सगळ्या एकदम चढवू म्हणणारा कुणी घरात असेल, तर त्या दिवशी त्याला परगावी धाडा. थोरला असला तरी.