उत्तर कोरियाचा अणुधाक आणि शेजाऱ्यांची एकजूट

प्रश्न : उत्तर कोरियाचा धोका एवढा मोठा असताना जपान आणि दक्षिण कोरिया ‘नाटो’सारखी फळी का उभारत नाहीत?

कारण दोघांचे संरक्षण करार अमेरिकेशी आहेत, एकमेकांशी नाहीत. दक्षिण कोरियाचा १९५३चा, जपानचा १९५१चा आणि १९६० मध्ये नव्याने केलेला. १९१० ते १९४५ जपानने कोरियावर राज्य केलं. तेव्हाची वेठबिगारी आणि जपानी सैन्याने स्त्रियांवर लादलेली लैंगिक गुलामी कोरियन माणूस विसरलेला नाही, आणि त्याने का विसरावं? लष्करी गुप्त माहिती एकमेकांना देण्याचा २०१६चा करार २०१९ मध्ये याच वादापायी मोडता मोडता राहिला.

ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बायडेन, जपानचे तेव्हाचे पंतप्रधान किशिदा आणि दक्षिण कोरियाचे तेव्हाचे अध्यक्ष युन सुक-योल अमेरिकेत कॅम्प डेव्हिडला भेटले. त्यानंतर डिसेंबरपासून उत्तर कोरियाने क्षेपणास्त्र सोडलं की त्याची माहिती तिन्ही देशांना तत्काळ मिळू लागली. संयुक्त कवायतींपेक्षा मला हे काम मोलाचं वाटतं. कॅम्प डेव्हिडला ठरलं ते मात्र संकटात सल्लामसलत करण्यापुरतं. एकावरचा हल्ला तो सर्वांवरचा, असं ‘नाटो’सारखं बंधन कुणी घेतलेलं नाही.

प्रश्न : हल्ला करून उत्तरेची अण्वस्त्रं नष्ट का करत नाहीत?

दक्षिण कोरियाची राजधानी सोल सीमेपासून जेमतेम ५० किलोमीटरवर आहे. अणुबॉम्ब बाजूला ठेवला, तरी उत्तरेच्या तोफाच तिथे हाहाकार माजवतील. शिवाय चटकन डागता येणारी घन इंधनाची क्षेपणास्त्रं फिरत्या वाहनांवर असतात. सगळी एकाच वेळी सापडतील याची खात्री कोणताही सेनापती देणार नाही.

प्रश्न : मग दक्षिण कोरियाने स्वतःचा बॉम्ब का बनवू नये?

तिथे बहुसंख्य लोकांना तो हवा आहे, असं जनमत चाचण्या सांगतात. १९७०च्या दशकात तेव्हाचे अध्यक्ष पार्क चुंग-ही यांनी प्रयत्नही केला, पण अमेरिकेच्या दबावाने तो थांबला. १९७५ मध्ये देश अण्वस्त्र प्रसारबंदी करारात सामील झाला. १९९१ मध्ये अमेरिकेने तिथली आपली अण्वस्त्रं काढून घेण्याचा निर्णय घेतला. आता उत्तरेची क्षेपणास्त्रं अमेरिकेपर्यंत पोहोचू शकतात, तेव्हा सोलसाठी अमेरिका स्वतःची शहरं पणाला लावेल का, ही शंका रास्तच आहे. एप्रिल २०२३च्या वॉशिंग्टन जाहीरनाम्याने अमेरिका आणि दक्षिण कोरियाचा अणुसल्लागार गट स्थापन झाला, तो याच शंकेपोटी. तरीही मी बॉम्बच्या विरोधात आहे. प्रसारबंदी करार सोडला तर निर्बंध येतील, अणुभट्ट्यांना लागणारं आयात इंधन धोक्यात येईल आणि पाठोपाठ जपानमध्येही तीच मागणी जोर धरेल.

प्रश्न : रशियामुळे काय बदललं?

बरंच. जून २०२४ मध्ये पुतिन आणि किम जोंग-उन यांनी परस्पर संरक्षणाचा करार केला, आणि पुढे उत्तर कोरियाचे सैनिक रशियाच्या कुर्स्क भागात युक्रेनविरुद्ध लढले. त्या बदल्यात रशिया कोणतं तंत्रज्ञान देतो, यावर सोल आणि टोकियोने एकत्रित नजर ठेवायला हवी.