स्थिर डेबियनवर नवे सॉफ्टवेअर कसे घ्यावे?

प्रश्न : माझ्या संगणकावर डेबियन 13 ही लिनक्स प्रणाली आहे आणि त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मात्र त्यात लिब्रेऑफिस या कार्यालयीन कामाच्या सॉफ्टवेअरची 25.2 ही आवृत्ती मिळते आणि मला त्यानंतर आलेल्या सुविधा हव्या आहेत. टेस्टिंग, म्हणजे डेबियनच्या पुढच्या आवृत्तीची चाचणी चालू असलेल्या शाखेची रिपॉझिटरी (पॅकेजांचा साठा) जोडून तेवढे एकच पॅकेज घ्यावे, असे एका परिचिताने सुचवले आहे. तसे केले तर चालेल का? शिवाय जुन्या आवृत्त्या वापरत राहणे सुरक्षेच्या दृष्टीने धोक्याचे नाही का?

उत्तर : आधी सुरक्षेविषयी. स्थिर शाखेत, म्हणजे आपल्याकडील डेबियन 13 मध्ये, आवृत्तीचा आकडा सहसा बदलत नाही, परंतु एखाद्या प्रोग्रॅममध्ये सुरक्षेची त्रुटी सापडली की तिच्यावरची दुरुस्ती त्याच जुन्या आवृत्तीत बसवून दिली जाते. पॅकेजच्या आकड्याच्या शेवटी ‘डेब13यू1’ असे शेपूट दिसले, तर ती अशीच दुरुस्त झालेली प्रत समजावी. फायरफॉक्स आणि क्रोमियम हे ब्राउझर याला अपवाद आहेत. त्यांच्या नव्या आवृत्त्याच स्थिर शाखेत येत राहतात. त्यामुळे केवळ आकडा जुना दिसतो म्हणून घाई करण्याचे कारण नाही. आपल्याला नव्या सुविधा हव्या आहेत, हे कारण मात्र पुरेसे आहे.

टेस्टिंगची रिपॉझिटरी जोडण्याचा सल्ला कृपया मानू नये. तिथले पॅकेज तिथल्याच लायब्रऱ्यांवर (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात त्या सामायिक संचांवर) बांधलेले असते. डेबियन 13 मध्ये ग्लिबसी ही मूळ सी लायब्ररी 2.41 आवृत्तीची आहे. टेस्टिंगमधल्या पॅकेजला याहून नवी ग्लिबसी लागत असेल, तर ॲप्ट हा पॅकेजे बसवणारा प्रोग्रॅम तीही ओढून आणतो, आणि तिच्यावर प्रणालीतला जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम उभा असतो. मागितले एक पॅकेज आणि बदलला पाया, अशी स्थिती होते. मग नव्या लायब्ररीशी न जुळणारी पॅकेजे काढून टाकण्याचा प्रस्ताव ॲप्ट समोर ठेवतो. परतीची वाटही नीट नसते, कारण पॅकेज जुन्या आवृत्तीवर नेण्याची प्रक्रिया डेबियनमध्ये अधिकृतपणे समर्थित नाही. शिवाय टेस्टिंगमधून घेतलेल्या पॅकेजांना स्थिर शाखेच्या सुरक्षा दुरुस्त्या लागू होत नाहीत.

आपल्या गरजेसाठी बॅकपोर्ट्स हीच योग्य सोय आहे. टेस्टिंगमधील निवडक पॅकेजे स्थिर शाखेच्या लायब्रऱ्यांवर नव्याने बांधून या रिपॉझिटरीत ठेवलेली असतात, त्यामुळे ग्लिबसीला धक्का लागत नाही. तिची रचना मला फार विचारपूर्वक केलेली वाटते. ती जोडल्यानंतर टर्मिनलमध्ये ‘ॲप्ट पॉलिसी लिब्रेऑफिस’ ही आज्ञा दिली, तर स्थिर शाखेच्या ओळीसमोर 500 आणि, पॅकेज तिथे उपलब्ध असल्यास, बॅकपोर्ट्सच्या ओळीसमोर 100 असा प्राधान्यक्रम दिसेल. म्हणजे ही रिपॉझिटरी नुसती जोडल्याने स्थिर शाखेतले काहीही आपोआप बदलत नाही. मात्र मागून घेतलेल्या पॅकेजची पुढची अपडेट्स तिथूनच येत राहतात. बॅकपोर्ट्समधील पॅकेजच्या आवृत्तीच्या आकड्यात ‘बीपीओ’ या अक्षरांआधी टिल्डचे (~) चिन्ह असते. त्या चिन्हामुळे हे पॅकेज टेस्टिंगमधल्या मूळ पॅकेजपेक्षा किंचित जुने गणले जाते, आणि पुढे डेबियनची संपूर्ण आवृत्ती बदलताना नवे पॅकेज विनासायास त्याची जागा घेते.

इन्स्टॉल करताना ‘-टी’ या पर्यायापुढे ‘ट्रिक्सी-बॅकपोर्ट्स’ असे नाव द्यावे (ट्रिक्सी हे डेबियन 13 चे सांकेतिक नाव), म्हणजे लिब्रेऑफिसचे एकमेकांवर अवलंबून असलेले भाग एकत्र येतील. त्याआधी हीच आज्ञा ‘-एस’ पर्यायासह चालवून पाहावी. त्यात प्रत्यक्ष काही बदलत नाही, फक्त काय होणार त्याची यादी दिसते. यादीत काहीही काढून टाकले जाणार असेल, तर तिथेच थांबावे. बॅकपोर्ट्सवर डेबियनच्या सुरक्षा गटाची देखरेख नसते, दुरुस्त्यांची जबाबदारी ते पॅकेज सांभाळणाऱ्यांवर असते; म्हणून खरोखर लागेल तेवढेच तिथून घ्यावे.

हवी ती आवृत्ती तिथे नसेल, तर फ्लॅटपॅक या स्वतंत्र पॅकेज-पद्धतीचा मार्ग घ्यावा. त्यातील प्रोग्रॅम आपल्या लायब्रऱ्या वेगळ्या ठेवतो. जागा बरीच जास्त लागते, पण मूळ प्रणालीची पॅकेजे जशीच्या तशी राहतात. लिब्रेऑफिसच्या संकेतस्थळावरील डेब पॅकेजेही चालतात आणि ती ‘ऑप्ट’ फोल्डरमध्ये वेगळी बसतात. मात्र त्यांची अपडेट्स ॲप्टमधून येत नाहीत, ती स्वतः लक्ष ठेवून घ्यावी लागतात.

प्रश्न : पिप हे साधन वापरून पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचे पॅकेज घ्यायला गेलो की प्रणाली नकार देते आणि सोबत ‘ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस’ हा पर्यायही सुचवते. तो वापरावा का?

उत्तर : वापरू नये. प्रणालीतील काही साधने त्याच पायथनवर चालतात, आणि पिपने बसवलेली नवी लायब्ररी ॲप्टच्या लायब्ररीआधी उचलली गेली, तर ती साधने बंद पडू शकतात. हा अटकाव डेबियन 12 पासून त्यासाठीच आहे. आपल्या कामासाठी ‘व्हेन्व्ह’ वापरून स्वतंत्र फोल्डरमध्ये आभासी वातावरण तयार करावे आणि पिप त्यातच चालवावा. ‘व्हेन्व्ह’ चालत नसेल, तर ‘पायथन3-व्हेन्व्ह’ हे पॅकेज आधी ॲप्टने घ्यावे.