दहावीच्या विज्ञानाची सुरुवात कशी करावी

घाबरू नकोस, सुरुवातीला सगळ्यांनाच पसारा मोठा वाटतो. भाग १ आणि भाग २ मिळून लेखी ८० गुण, आणि प्रात्यक्षिकाचे २०. आत्ता गाइड, क्लासच्या नोट्स बाजूला ठेव. पाठ्यपुस्तक पुरेसं आहे.

पहिली सवय: धडा वाचला की पुस्तक मिटायचं आणि आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहायचं. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनाने भरायचं. नुसतं पुन्हापुन्हा वाचलं की सगळं येतंय असं वाटतं, पेपरात मात्र हात थांबतो. माझं नेमकं हेच झालं होतं.

नेहमीच्या चुका:
- भिंगांच्या गणितात चिन्ह विसरणं. बहिर्गोल भिंगाचं नाभीय अंतर २० सेमी, वस्तू ३० सेमीवर. वस्तूचं अंतर उणे घेतलंस तर प्रतिमा ६० सेमीवर. अधिक घेतलंस तर १२, म्हणजे साफ चूक.
- समीकरण संतुलित करताना रेणुसूत्रातले अंक बदलणं. फक्त सहगुणक, म्हणजे रेणुसूत्राच्या आधी लिहिलेले अंक, बदलायचे.
- आकृत्या नुसत्या बघणं. पेन्सिलीने काढ, नावं दे.

आवर्तसारणी पाठ करायची घाई आत्ता नको. या आठवड्यात एकच धडा घे, आणि अडलास तर नेमकं कुठे अडलं ते विचार.